डावीकडचं चित्र

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. 'पत्रास कारण की' असं लिहिलं की तू हसतेस, म्हणून तेवढं गाळते. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो, तेव्हा फोन बंद आणि पत्रं चालू, हा नियम तू घातलास आणि पाळायला मी उशीर केला, कबूल. पण लगेच तोंड सोडू नकोस. एक चित्र जागेवर राहत नाही आणि त्याच्यापायी माझे बाराच्या बारा दिवस पाण्यात गेले आहेत.

तू विचारलं होतंस, 'आई कशी आहे, खरं लिही.' आई बरी आहे. थंडीत जरा अशक्तपणा आला होता, आता घरातल्या घरात हिंडते-फिरते.

तर चित्राचं. लोकरवाल्या बाई तुला आठवत असतीलच. ज्यांच्या दुकानाच्या माडीवर आईने तीस वर्षं विणकामाचा वर्ग घेतला त्या, नाकाच्या टोकावर चष्मा आणि चष्म्यावरून नजर. त्यांनी वीस तारखेला वर्गातल्या बायकांच्या कामाचं प्रदर्शन ठरवलंय, आणि त्याच दिवशी आईचे बासष्ट नमुने वेबसाइटवर सगळ्यांसाठी उघडायचे आहेत. वेबसाइट अर्थात मी करायची. मी दातांच्या डॉक्टरांची केली, रंगाच्या दुकानाची केली, गाडी शिकवणाऱ्या तिघांची केली, तेव्हा घरचं काम डोळे झाकून होईल असं वाटलं होतं. कसलं काय!

आईच्या वह्या तू लहानपणी पाहिल्या आहेस. डाव्या पानावर चित्र, म्हणजे तो चौकटी-चौकटींचा नकाशा, आणि उजव्या पानावर ओळी: 'सु ३, उ २, एक घर सोड, परत सु'. सुलट आणि उलट एवढं मला कळतं, पुढची तिची लघुलिपी देवालाही लागायची नाही. म्हणून प्रत्येक पान तिच्या नजरेखालून जायलाच हवं. एका ओळीत चूक राहिली तर कुणा बिचारीच्या स्वेटरचा गळा कोपरापाशी निघेल, आणि नाव आईचं जाईल. हे नमुने नीट बाहेर पडावेत एवढीच तिची आता इच्छा आहे. दुसरं काही मागत नाही ती.

पान कसं हवं हेही तिनेच सांगितलं. 'हातात दोन सुया असताना बाई किती वेळा वर जाऊन चित्र बघणार? चित्र जागचं हलता कामा नये. ओळी सरकू देत हव्या तेवढ्या. माझ्या वहीसारखं कर.' झालं. स्क्रीनचे उभे दोन भाग. डावीकडे चित्र ठाण मांडून बसलेलं, उजवीकडे ओळी बोटासरशी वर सरकणाऱ्या. आमच्या धंद्यात हे नवशिक्या माणूससुद्धा चहा थंड व्हायच्या आत करतो.

माझ्याकडे होत नाही! चित्राला 'इथेच चिकटून राहा' अशी सूचना लिहिली आहे. ती बरोबर आहे. दहा वेळा तपासली. आणि पान सरकवलं की हे बेणं ओळींबरोबर वर निघून जातं, पाहुण्यांना पोचवायला म्हणून पार कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या आपल्या मावशीसारखं. सूचना बदलली, रुंदी बदलली, सगळी चौकट मोडून पुन्हा बांधली, तीन ब्राउझरमध्ये पाहिलं. शेवटी नाक मुठीत धरून माझ्या जुन्या ऑफिसातल्या त्या सर्वज्ञाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'माझ्याकडे तर नीट चालतंय.' त्याच्यापुढे हसरा चेहरा. मागून कळलं की स्वारी भलतंच पान बघत होती.

आणि आई! तिला तपासायला बसवलं की वेगळीच तऱ्हा. मी बघते तेव्हा चित्र निदान सुरुवातीला तरी असतं. ती बघते तेव्हा ते पहिल्यापासूनच नसतं.

'चित्र कुठंय?'

'डावीकडे.'

'डावीकडे काही नाही. मी काय आंधळी आहे?'

मग मी उठायचं, जाऊन स्क्रीनवर बोट ठेवायचं.

'हे काय?'

'हां, आता आलं. तू बोट लावलंस की येतं.'

तुला सांगते, कधी असतो आणि कधी नसतो अशा दोषाइतकी डोकेदुखी दुसरी नाही. तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेस. तुझा फळा निदान जागेवर तरी असतो, आणि माणसाला अक्षर दिसतं किंवा दिसत नाही, मधलं काही नाही.

शिवाय आई हल्ली फार हट्टी झाली आहे. अर्धं ताट तसंच टाकते आणि वर म्हणते, 'तू हल्ली कमी वाढतेस.' स्वयंपाकघराच्या दाराची चौकट गेली चाळीस वर्षं आहे तिथेच आहे, पण ही रोज तिच्यावर खांदा आपटून घेते आणि रागवते चौकटीवर. विणायला बसली की ओळ संपायच्या आतच काम उलटते, पाच-सहा टाके तसेच सुईवर. लक्षात आणून दिलं तर 'संपली की ओळ' म्हणून माझ्यावरच डोळे वटारते. आयुष्यभर दुसऱ्यांचे टाके मोजणाऱ्या बाईने असं करावं? वय, दुसरं काय. मीही किती ठिकाणी पुरी पडू?

प्रदर्शनाला येऊ का, असं तू विचारलंस. कशाला उगाच सुट्टी वाया घालवतेस? ओळीने लोकर टांगलेली असणार आणि बायका एकमेकींच्या चुका काढणार. फोटो पाठवीन.

बाकी सगळं ठीक आहे. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझी,
खडू

(आई अजूनही खडूच म्हणते. एकदा लहानपणी दोन खडू खाल्ले त्याची शिक्षा जन्मभर.)


११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती. मी तुला एवढं सविस्तर लिहावं आणि तू त्याला दोन प्रश्न पाठवावेस! 'ताटात कुठल्या बाजूचं उरतं? चौकटीला कुठला खांदा लागतो? नीट बघून कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.' न चालायला काय झालं? तुला मोठेपणाची सवयच आहे. मी पानाबद्दल रडतेय आणि तू ताटाचं विचारतेस.

मला बाकीचंच लिहायचं आहे. दोष सापडला!

काल दुपारी सापडला, आणि सापडल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, कारण तो माझाच होता. मागच्या महिन्यात मोबाइलवर बघताना एका नमुन्याची लांबलचक ओळ पानाच्या काठाबाहेर गेलेली दिसली. दिसायला घाण दिसत होतं. घाईत होते, म्हणून सगळ्यात बाहेरच्या चौकटीला सांगून टाकलं, 'बाहेर येईल ते झाक.' ओळ दिसेनाशी झाली, मी ते विसरूनही गेले. आता गंमत अशी की चिकटायचं कशाला हे चित्र आपल्याभोवतीच्या चौकटी बघून ठरवतं. झाकणारी चौकट मध्ये आली की ते तिलाच धरून बसतं. आणि ती चौकट तर आपली ओळींबरोबर वर चाललेली. म्हणजे चित्र बिचारं सांगितलेलं सगळं ऐकत होतं. अडवून ठेवलं होतं मी लिहिलेल्या दुसऱ्याच सूचनेने, आणि तिच्याकडे मी तीन आठवडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ती सूचना खोडली. लांब ओळ होती तिथे मोडून खाली आणली, जे मुळातच करायला हवं होतं. पान सरकवलं. ओळी वर गेल्या, चित्र जागचं हललं नाही. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

(यातून काही अर्थ काढत बसू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.)

मग आईला हाक मारली. आली, बसली, चष्मा पुसला. पान सरकवलं, पुन्हा सरकवलं. आणि म्हणाली, 'ओळी छान सरकतात. पण चित्र नाही.'

ताई, माझा तोल गेला. जे बोलले ते लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, 'तू मुद्दाम करतेस. मी काही केलं की तुला त्यात खोट काढायचीच असते. मोठीने केलं असतं तर एव्हाना गावभर दाखवत फिरली असतीस.' ती गप्प बसली नाही, तुला माहीतच आहे. म्हणाली, 'नाही ते नाही म्हणायची चोरी आहे का? वहीतली चित्रंसुद्धा गेली आहेत. ती पण तूच काढून ठेवलीस का कुठे?' आणि वही उघडून माझ्यासमोर आपटली. 'बघ. नुसत्या ओळी.'

वहीत चित्र होतं. डाव्या पानावर, तिनेच निळ्या शाईने काढलेलं, जिथे नेहमी असतं तिथे.

मी म्हटलं, 'तुझं डोकं ठिकाणावर नाही.'

एवढं झालं. तिने सुया पिशवीत ठेवल्या, पिशवीची गाठ मारली आणि खोलीत गेली. कालपासून टेबलाकडे फिरकलेली नाही. सकाळी लोकरवाल्या बाईंचा फोन आला, 'किती नमुने तपासून झाले?' मी म्हटलं, 'चालू आहे.' बासष्टपैकी नऊ झालेत. वीस तारीख अशी तोंडावर आली आहे आणि ज्या बाईसाठी हा सगळा घाट घातला तिच्याशी मी असं बोलून बसले आहे. हात टेकले मी. कामापुढे नाही, माझ्यापुढेच.

बरं, तुझे प्रश्न. नाहीतर पुन्हा चिठ्ठी पाठवशील. सकाळी मुद्दाम पाहिलं. ताटात उरतं ते डाव्या बाजूचं. उजवीकडचं अगदी लख्ख पुसून खाल्लेलं असतं. खांदा, डावा. झगा सरकला तेव्हा दिसला, काळानिळा झालाय. झालं समाधान?

विणताना उरतात ते टाकेही डाव्याच सुईवरचे, आता लिहिताना आठवलं.

आणि चित्र डावीकडे.

वहीतही.

ताई, थांब. ती आत्ता जेवायला बसली आहे, मला समोरून दिसतेय. मी जाऊन बघते. हे पत्र आहे तसं पेटीत टाकते, नाहीतर माझा धीर होणार नाही.

खडू


१३ मार्च

ताई,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे.

परवा आई जेवत होती. ताटाचा उजवा अर्धा भाग साफ, डाव्या अर्ध्याला हातही लागलेला नाही, मधोमध पट्टी ठेवून रेघ मारावी तसं. मी विचारलं, 'पोट भरलं?' ती अजून माझ्यावर रागावलेली होती. म्हणाली, 'अजून असेल तर वाढ, नसेल तर राहू दे.' मी काही न वाढता नुसतं ताट अर्धं फिरवलं. तिने खाली पाहिलं आणि म्हणाली, 'हे केव्हा वाढलंस?' आणि खायला लागली. भूक लागली होती गं तिला. किती दिवस लागलेली असेल कोण जाणे. रोज मी ते उरलेलं ताट उचलून न्यायचे आणि वर बोलायचे.

मग मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहून हाक मारली. ती उजवीकडे बघायला लागली, दाराकडे, कोण आलं म्हणून.

तुला माझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं, नाही का? तुझ्या दुकानात अशी माणसं येत असतील. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून येतात आणि नंबर असतो तेवढाच. पण तुला हे कळलं नसेल की हे कशाने झालं, कारण ते मी लिहिलेलंच नाही. आता लिहिते. मध्येच पत्र बाजूला ठेवू नकोस.

नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला आईला पक्षाघाताचा झटका आला. सकाळी चहा घेताना कप हातातून सुटला आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली. तोंड वाकडं झालं. मी गाडी बोलावली, सहा दिवस दवाखान्यात होतो. थंडीतला अशक्तपणा म्हणाले तो हा. घरी सोडताना डॉक्टरीण बाईंनी मला समोर बसवून सगळं समजावलं होतं आणि एक छापील कागद दिला होता. मी ऐकलं ते एवढंच की डावी बाजू सांभाळायची. डावी बाजू म्हणजे हात आणि पाय, असं मी धरून चालले. लोकरीचा गुंडा तिच्या डाव्या मुठीत देऊन रोज शंभर वेळा दाबून घेतला. फेब्रुवारी उजाडेपर्यंत हात धड झाला, सुया धरायला लागली, मला वाटलं जिंकलं आपण. कागद कपाटाच्या खणात गेला. परवा काढून वाचला. तिसऱ्याच परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय: रुग्णाला डाव्या बाजूचं भान राहणार नाही, आणि राहत नाही हेही कळणार नाही. अर्धं ताट उरेल. दारांना धडकतील. बोलताना उजवीकडून बोला, वस्तू उजवीकडे ठेवा, हळूहळू डावीकडे बघायची सवय लावा. सगळं होतं त्यात. मी वीस दिवस एका सूचनेशी डोकं फोडत होते आणि घरात पडलेला कागद वाचला नाही.

हे झालं एक. आता दुसरं, जे मला लिहायचं नव्हतं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिला बोलता यायला लागलं तेव्हा पहिलं वाक्य निघालं, 'मोठीला कळवलं का?' मी म्हटलं, 'कळवलं.' तिसऱ्या दिवशी, 'येते म्हणाली का?' मी म्हटलं, 'येते म्हणाली.' मग घरी आल्यावर रोज विचारायला लागली तेव्हा म्हटलं, 'तिला सुट्टी मिळत नाहीये.' एकदा फोन लावून दे म्हणाली. मी लावला नाही आणि लागत नाही म्हणून सांगितलं. जानेवारीत तिने विचारणं सोडलं.

तुझी पत्रं येत होती. तिला दिली तर म्हणायची, 'हिचं अक्षर बिघडलंय, काही अर्थच लागत नाही.' अर्धीच ओळ वाचत होती ती, अर्थ कुठून लागणार? मी वाचून दाखवायचे. त्यात तिच्या दुखण्याचं अक्षरही नसायचं, कसं असेल? म्हणून मी मनाने घालायचे. 'आईला म्हणावं काळजी घे', 'आईला म्हणावं कामाचा फार रेटा आहे'. हे असलं. कोरडं-कोरडं. तू कधी बोलणार नाहीस असं. तुझ्या तोंडी घालून मीच वाचलं, आणि तिने मान डोलावली, आणि एकदा म्हणाली, 'चिडली असेल अजून. मी तिच्याकडे राहायला गेले नाही ना.'

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं.

का केलं हे, ते तुला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी दारात उभी राहून तू म्हणाली होतीस, 'तिला काही झालं तर तुला एकटीला झेपणार नाही. तेव्हा मलाच बोलावशील.' आई तुझ्याकडे यायला तयार झाली नाही याचा राग तू माझ्यावर काढलास. मला ते लागलं. फार लागलं. त्या दिवशी कानाला खडा लावला की काहीही झालं तरी तुला बोलवायचं नाही. आणि सव्वीस नोव्हेंबरला, आई स्ट्रेचरवर असताना, मला आधी काय आठवलं असेल? तुझं ते वाक्य. आईची काळजी नंतर. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझं खरं झालं. नाही झेपलं.

काल सकाळी मी पान बदललं. दोन भागांचा क्रम उलटा केला, बस. ओळी डावीकडे, चित्र उजवीकडे. आधी वाटलं हे बरोबर, मग लक्षात आलं की आता तिला ओळी दिसणार नाहीत. पुन्हा डोकं धरून बसले. शेवटी तिच्यापुरती वेगळी प्रत केली: डावा अर्धा भाग रिकामा ठेवला आणि चित्र नि ओळी दोन्ही उजव्या बाजूला आणल्या, चित्र वर ठाम आणि त्याच्याखाली ओळी सरकणाऱ्या. दिसायला अगदीच विचित्र. सर्वज्ञाने पाहिलं तर पोट धरून हसेल. मग तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन, उजवीकडून, म्हटलं, 'आई, चूक माझी होती. येतेस का?'

तिने पिशवीची गाठ सोडली. मग आली. बसली. पान सरकवलं.

'आता कसं,' म्हणाली. 'जागच्या जागी आहे. इतके दिवस काय करत होतीस?'

आणि तासाभरात तिने चार चुका काढल्या, त्यातल्या तीन माझ्या आणि एक तिची स्वतःची, तीस वर्षांपूर्वीची. 'इतक्या बायकांनी विणलं आणि एकीनेही सांगितलं नाही,' म्हणून वर्गातल्या सगळ्यांचा उद्धार केला. कितीतरी दिवसांनी तिला असं चिडलेलं पाहिलं. बरं वाटलं.

दुपारपर्यंत आणखी अकरा नमुने झाले. मग मी लॅपटॉप मिटला आणि तिला सांगितलं. सगळं. डावी बाजू, कागद, आणि तुला कळवलं नाही ते. पत्रातल्या माझ्या पदरच्या ओळीही.

डाव्या बाजूचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. 'तरीच,' एवढंच म्हणाली. पण तुझं ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

'म्हणजे तिला माहीतच नव्हतं?'

'नव्हतं.'

'ती यायचं टाळत नव्हती?'

'नाही. मागच्या महिन्यातसुद्धा येऊ का म्हणून विचारत होती. मीच नको म्हटलं.'

ती रडली, ताई. आणि रडता रडता हसायला लागली. मला वाटलं आता माझ्यावर बरसेल. ती म्हणाली, 'चार महिने मी तिला मनातल्या मनात शिव्या घालतेय.' मग बराच वेळ पदराने डोळे पुसत बसली, आणि म्हणाली, 'तुझं काय करायचं ते ती आल्यावर दोघी मिळून ठरवू. आधी तिला लिही.'

म्हणून लिहितेय. प्रदर्शनासाठी नव्हे. ते होईल किंवा होणार नाही, लोकरवाल्या बाईंना मी खरं सांगितलंय आणि त्या म्हणाल्या, जेवढे तपासून होतील तेवढे उघडू. तू आईसाठी ये. मला माफ कर असं म्हणायचं धाडस नाही. आल्यावर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मला भांडायचंही नाही, भांडायला आता माझ्याकडे मुद्दाच उरलेला नाही. फोनही कर. माझा नंबर तोच आहे, पहिल्या घंटीला उचलीन आणि तिच्या उजव्या कानाला लावीन.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. काल संध्याकाळपासून ती पुढच्या खोलीत खिडकीशी बसून असते आणि तुझी वाट बघते. तिथून दार तिच्या डाव्या हाताला येतं. खुर्ची फिरवते म्हटलं तर विणायला उजेड हवा म्हणून हलवू देत नाही. तेव्हा दारातून हाक मारू नकोस, ती भलतीकडेच शोधत राहील. आत ये, तिच्या समोरून वळसा घालून उजव्या बाजूला जाऊन उभी राहा, आणि मग बोल. नाहीतर तू घरात आलेली असशील आणि ती अजून तुझी वाट बघत बसलेली असेल. तसं तिला मी चार महिने बसवलं आहे, आता आणखी एक मिनिटही नको.

तुझी अपराधी,
खडू